मजुराचा हात आणि शल्यविशारदाची नजर

नांदगाव खंडेश्वरला आमच्या शेतात कापूस वेचायला अनेक वर्षे येणारी एक बाई गेल्या हंगामात वेचणीला आली नाही. दिवाळीनंतर ती एकदा घरी आली, तेव्हा तिच्या हातात तपासण्यांची जाड फाईल होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली होती. गाठ लहान असतानाच गावच्या आशा कार्यकर्तीने तिला दवाखान्यात पाठवले, निदान वेळेवर झाले, शासकीय योजनेतून एका मोठ्या शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे उपचारही पूर्ण झाले. आज तिच्या शरीरात रोगाचा मागमूस नाही. परंतु त्या शस्त्रक्रियेत उजव्या काखेतील सोळा लसीकाग्रंथी काढण्यात आल्या होत्या, आणि त्या सोळांपैकी एकीतही कर्करोग आढळला नाही असे फाईलमधील अहवालातच नमूद होते. वर्षभरात तिचा उजवा हात सुजू लागला. आज तो डाव्याच्या जवळजवळ दीडपट दिसतो. ती म्हणाली, "सर, बिमारी तं गेली, पन हात कामातून गेला नं. वेचणी किलोवर असते. एका हातानं किती वेचू?"

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी ही हकीकत सांगत नाही. त्यांनी पाठ्यपुस्तकाप्रमाणे आणि हाती असलेल्या साधनांप्रमाणे काम केले. प्रश्न वेगळा आहे. त्या सोळा गाठी निरोगी आहेत हे काढल्यानंतर कळले. ते काढण्यापूर्वी कळण्याची सोय जगात आहे की नाही? आणि असेल तर ती वऱ्हाडातल्या वेचणी करणाऱ्या बाईच्या वाट्याला का येत नाही? मी अर्थशास्त्राचा शिक्षक. वैद्यकाचा अधिकारी नव्हे. तरीही या बाईच्या फाईलमुळे गेले काही महिने मी या विषयावर जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपल्या कार्यकर्त्यांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते. कारण हा विषय "श्रीमंतांची चैन" म्हणून बाजूला टाकण्याची सवय आपल्या चळवळीतही आहे, आणि ती सवय चुकीची आहे असे माझे मत झाले आहे.

प्रथम काखेतील गाठींचा प्रश्न. स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हा बहुधा लसीकावाहिन्यांतून काखेतील ग्रंथींपर्यंत आधी पोहोचतो. तो तेथे गेला आहे की नाही हे ठरवण्यासाठी विसाव्या शतकात बराच काळ एकच मार्ग होता: काख साफ करून सर्व गाठी तपासणीला पाठवणे. परंतु याच गाठींमधून हातातील लसीका परत वाहते. त्या काढल्या की अनेक स्त्रियांत तो निचरा तुंबतो आणि हात सुजतो. ही सूज एकदा आली की सहसा पूर्णपणे जात नाही; पट्टे, व्यायाम, मालीश यांनी ती आटोक्यात ठेवावी लागते आणि हाताला जखम होऊ नये म्हणून जपावे लागते. पऱ्हाटीच्या बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी रोज बोटे ओरबाडून घेणाऱ्या बाईने हाताला कसे जपावे, याचे उत्तर त्या सूचनापत्रकात नसते.

यावर वैद्यकाने जो तोडगा काढला तो विचार म्हणून फार साधा आहे. गाठीकडून येणारी लसीका काखेतील सगळ्या ग्रंथींत एकदम जात नाही. ती आधी एका किंवा दोन-तीन ग्रंथींत उतरते. वेशीवरच्या या गाठीला आपण पहारेकरी गाठ म्हणू. शत्रू गावात शिरला असेल तर तो बहुधा वेशीवरच दिसणार. पहारेकरी गाठ निरोगी असेल तर पुढच्या गाठी काढण्याचे कारण उरत नाही. 1977 मध्ये काबान्यास या शल्यचिकित्सकाने ही कल्पना एका वेगळ्या कर्करोगाबाबत मांडली. 1992 मध्ये अमेरिकेत मॉर्टन यांनी निळा रंग टोचून त्वचेच्या कर्करोगात अशी गाठ शोधून दाखवली. 1993 मध्ये क्रॅग यांनी स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सारी द्रव्य आणि हातात धरायची शोधकांडी वापरून तीच गाठ हुडकली. पुढे अमेरिका व कॅनडा येथील 5,611 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. पहारेकरी गाठ निरोगी निघालेल्या स्त्रियांत काख साफ न केल्यानेही आयुर्मानात फरक पडला नाही. आणि हाताचे काय? अनेक अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये मांडलेल्या हिशेबात काख साफ केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 20 टक्क्यांना हाताची सूज आली, तर केवळ पहारेकरी गाठ काढलेल्यांत ते प्रमाण 5 ते 6 टक्के होते.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचा गाभा या दोन आकड्यांत आहे.

आता ही गाठ शोधायची कशी? टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सारी द्रव्याचे सूक्ष्म कण अगदी अल्प मात्रेत गाठीभोवती टोचतात. काही तासांत लसीकेबरोबर ते कण पहारेकरी गाठीत जाऊन अडकतात आणि तेथून गामा किरण सोडत राहतात. शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यविशारद पेनासारखी शोधकांडी त्वचेवरून फिरवतो. किरणांचा मारा वाढला की यंत्राचा आवाज वाढतो. ही पद्धत चांगली आहे, पण तिची एक मर्यादा आहे. काळोख्या घरात रातकिडा ओरडत असावा तसे हे आहे. एका जागी उभे राहिलात तर तो जवळ आहे की दूर, भिंतीत आहे की छपरात, हे कळत नाही. चार कोपऱ्यांत जाऊन कान दिला, कोठे आवाज किती आला ते लक्षात ठेवले, तर जागा सापडते. आणि शेजारीच मळणीयंत्र धडधडत असेल, तर रातकिडा ऐकूच येत नाही.

जर्मनीत म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात जे तंत्र विकसित केले, ते नेमके हे चार कोपऱ्यांत जाऊन ऐकण्याचे काम गणकयंत्राकडून करून घेते. शोधकांडीवर आणि रुग्णाच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणारे लहान गोळे बसवतात. वर टांगलेले कॅमेरे ती कांडी अवकाशात कोठे आहे व कोणत्या कोनात धरली आहे हे क्षणोक्षणी टिपतात. प्रत्येक जागी किती किरण मोजले गेले याची नोंद होते. एक-दोन मिनिटे कांडी वेगवेगळ्या बाजूंनी फिरवली की हजारो नोंदींवरून यंत्र उलटा हिशेब मांडते आणि आतल्या किरणोत्साराचे त्रिमितीय चित्र तयार करते. ते रुग्णाच्या चालू चित्रावरच पडद्यावर उमटते आणि गाठ त्वचेखाली किती मिलिमीटरवर आहे तेही दिसते. गाठ काढल्यावर पुन्हा कांडी फिरवून आणखी काही मागे राहिले का, हे तेथल्या तेथे पाहता येते. याला फ्रीहँड स्पेक्ट म्हणतात. अणुवैद्यक विभागात असते ते खोलीभर यंत्र येथे लागत नाही. ते काम हातातल्या कांडीने शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी होते.

स्तनाच्या बाबतीत साध्या कांडीनेही बहुधा काम भागते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्रिमितीय चित्राची खरी गरज मानेत आहे, आणि येथे हा विषय पुन्हा आपल्या गावात येतो. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा हा विदर्भाचा शाप आहे. 2012 च्या जुलैत राज्यात गुटख्यावर बंदी आली. सुपारी, तंबाखू आणि चुना समोरच घोटून देणारा ठेला मात्र चालूच राहिला. मजुरीवर जाणारा माणूस भूक मारण्यासाठी खर्रा खातो, हे कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागणार नाही. तोंडाच्या कर्करोगात रोग मानेतील गाठींत उतरतो. मानेत गाठ हाताला लागत नसली तरी मान साफ करावी की वाट पाहावी, हा वाद अनेक दशके होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तो सोडवला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, आधीच मान साफ केलेल्या रुग्णांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. आपल्या देशातील खर्रा-गुटख्याच्या रुग्णांवर झालेल्या या कामाने जगातील उपचारपद्धती बदलली, याचा अभिमान वाटावा.

तथापि आधीच मान साफ करायची म्हणजे ज्यांच्या मानेत रोग नव्हताच अशा अनेकांचीही मान उघडणे आले. मानेतून खांद्याकडे एक मज्जातंतू जातो. तो वाचवला तरी ओढाताणीत दुखावतो. खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाही. कचेरीत बसणाऱ्याला हे सोसता येते. पोते उचलणाऱ्या हमालाला, फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या सालदाराला सोसता येत नाही. फ्रान्समधील 2020 च्या आणि जपानमधील 2021 च्या चाचण्यांत असे दिसले की सुरुवातीच्या अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगात पहारेकरी गाठ तपासून निर्णय घेतला, तर जगण्याच्या प्रमाणात घट होत नाही आणि मानेचे व खांद्याचे हाल, निदान पहिल्या काही महिन्यांत तरी, कमी होतात. अडचण एवढीच की तोंडाच्या तळाशी द्रव्य टोचले की ते आणि पहारेकरी गाठ यांत दोन बोटांचेही अंतर नसते. टोचलेल्या जागेचा किरणोत्सार मळणीयंत्रासारखा धडधडतो आणि लहान गाठीचा आवाज त्यात बुडतो. तेथे बाजूबाजूने पाहून खोली सांगणारे त्रिमितीय चित्र उपयोगी पडते.

आता आक्षेप. हा विषय मी पहिल्यांदा काढला तेव्हा आमच्या तालुक्यातील एका जुन्या साथींनी मला थेट विचारले, "प्राध्यापक, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नाही, साप चावलेल्याला लस मिळत नाही, आणि तुम्ही त्रिमितीय चित्राच्या गोष्टी सांगता?" आक्षेप वजनदार आहे. आणि त्याला आणखी एक जोड देता येईल: आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया गाठ मोठी झाल्यावर, काखेत गाठ हाताला लागू लागल्यावर येतात. त्यांच्या बाबतीत पहारेकरी गाठीचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. पहारेकरी केव्हाच पडलेला असतो. म्हणजे लवकर निदान ही पहिली पायरी आहे, यात वाद नाही. मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटाने वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. यंत्र कोणतेही नव्हते.

पण या युक्तिवादाचा शेवट साथींनी काढला तेथे होत नाही. आमच्या वेचणीच्या बाईने आपण सांगितलेले सर्व केले होते. गाठ लहान असताना ती आली. आणि उशिरा येणाऱ्या बाईची जी काख साफ होते, तीच तिचीही झाली. लवकर या, असे आपण गावोगाव सांगतो. लवकर येणाऱ्याला लवकर येण्याचे फळ द्यायची व्यवस्था नसेल, तर त्या सांगण्यावर पुढच्या बाईने विश्वास का ठेवावा? आशा कार्यकर्तीने केलेली तपासणी आणि शस्त्रक्रियागृहातील शोधकांडी ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हे अर्थसंकल्प आवळणाऱ्यांच्या सोयीचे आहे, आपल्या नव्हे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि तो माझा स्वतःचा आहे. यंत्राची दिपवणूक ही आजच्या वैद्यकीय बाजाराची रीत झाली आहे. महामार्गावरच्या फलकांवर खासगी रुग्णालये यंत्रांची छायाचित्रे लावतात, जणू रोगी यंत्राच्या दर्शनानेच बरा होणार. त्रिमितीय कांडीबाबत आजवर झालेले बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांचे आहेत. गाठी अधिक नेमक्या सापडतात असे ते दाखवतात. त्यामुळे माणसे अधिक जगतात असे दाखवणारे काम त्या तोडीचे नाही. म्हणून उद्या कोणी सरकारी पैशाने असे यंत्र आणून त्याचे उद्घाटन केले आणि ते चालवणारा माणूस नेमलाच नाही, तर त्याला मी प्रगती म्हणणार नाही. असे उद्घाटन झालेले आणि धूळ खात पडलेले यंत्र वाचकांपैकी प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यात पाहिले असेल.

याच संदर्भात टाटातील शल्यचिकित्सकांचे एक काम मला फार मोलाचे वाटते. किरणोत्सारी द्रव्य सर्वत्र मिळत नाही, हे ओळखून त्यांनी एक पर्याय तपासला: काखेत एक ठरावीक मज्जातंतू ओळखायचा आणि त्याच्या खालच्या भागातील चरबी व गाठी तेवढ्या काढून तपासायच्या. रंग नको, किरण नकोत, कांडी नको. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ही पद्धत रोग चुकण्याच्या बाबतीत पहारेकरी गाठीच्या पद्धतीच्या जवळपास बरोबरीची ठरली. मेथिलीन ब्लू हा स्वस्त निळा रंगही अनेक ठिकाणी वापरला जातो. म्हणजे हात वाचवण्याची पहिली पायरी जिल्ह्याच्या ठिकाणी आजही चढता येते. तिला लागते ते प्रशिक्षण आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ गोठवून, तिचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ. हे पद रिकामे असेल तर जर्मन यंत्रही आंधळे.

मग तरीही किरणोत्सारी पद्धतीचा आग्रह का धरावा? कारण मानेत निळ्या रंगाने आणि अंदाजाने भागत नाही, आणि आपल्या भागात मानेचे रोगी भरपूर आहेत. येथे अर्थशास्त्राचे दोन शब्द बोलू द्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरावीक रकमेचे पॅकेज असते. काख साफ केली, पॅकेज संपले, हिशेब बंद. त्यानंतर तीस वर्षे तो हात किती किलो कापूस कमी वेचणार, हे कोणत्याच खात्यात जमा होत नाही. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहून हे दाखवले होते की, जो खर्च दुसऱ्यावर ढकलता येतो तो ताळेबंदात दिसत नाही. येथे तो ढकलला जातो मजूर बाईच्या खांद्यावर, तोही अक्षरशः. वेल्समधील खाणकामगारांत आयुष्यभर काम केलेल्या ट्यूडर हार्ट या समाजवादी डॉक्टरने 1971 मध्ये मांडलेला नियम आपल्या वाचकांना परिचित असेल: उत्तम वैद्यकीय सेवा गरजेच्या व्यस्त प्रमाणात उपलब्ध असते. नाजूक शस्त्रक्रियेबाबत हा नियम दुप्पट खरा आहे. ज्याची उपजीविका बुद्धीवर किंवा भांडवलावर चालते त्याचा हात सुजला तर त्याला त्रास होतो. जिची उपजीविका हातावर चालते तिचे भांडवलच बुडते. तेव्हा कमीत कमी कापणारी शस्त्रक्रिया ही सर्वांत आधी मजुराला मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात ती सर्वांत आधी कोणाला मिळते, हे सांगायला नको.

आता टेक्नेशियमचा पुरवठा. हा भाग किचकट वाटेल. पण मालकीचा प्रश्न येथेच आहे. हे मूलद्रव्य 1937 मध्ये कृत्रिमरीत्या मिळाले. वैद्यकात वापरतात त्या प्रकाराचे अर्धायुष्य 6 तासांचे. म्हणजे रात्रीच्या गाडीने मुंबईहून निघाले तर बडनेऱ्याला पोहोचेपर्यंत त्याचा चौथा हिस्साच उरणार. ते साठवता येत नाही, म्हणून त्याची आई पाठवतात. मॉलिब्डेनमच्या एका किरणोत्सारी प्रकाराचे अर्धायुष्य 66 तास आहे आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम तयार होते. शिशाने मढवलेल्या लहानशा जनित्रात हे मॉलिब्डेनम भरून पाठवतात. रुग्णालयात त्यातून रोज सकाळी मिठाच्या पाण्याने टेक्नेशियम काढून घ्यायचे. प्रयोगशाळेतील लोक या जनित्राला गायच म्हणतात आणि या क्रियेला दूध काढणे. रोज दूध निघते, रोज थोडे कमी होते. आठवड्याने मूळच्या सहाव्या हिश्शावर आले की नवी गाय आणायची. दर आठवड्याला मुंबईहून अमरावतीला एक पेटी: नाशवंत मालाची यापेक्षा अवघड वाहतूक आपले संत्रा-बागायतदार रोज करतात.

ही गाय कोणाची? भारतात ती जन्मापासून सार्वजनिक आहे. तुर्भ्याच्या अणुभट्ट्या जनतेच्या पैशाने उभ्या राहिल्या. 1941 मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून सुरू झालेले परळचे रुग्णालय 1957 मध्ये केंद्र सरकारकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. 1963 मध्ये परळलाच किरणोत्सारी औषधांचे केंद्र निघाले. 1989 पासून 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाचीच संस्था समस्थानिके आणि जनित्रे पुरवते. जगात मात्र हा पुरवठा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जुन्या अणुभट्ट्यांवर तोललेला आहे. 2009 च्या मे महिन्यात कॅनडाची चॉक रिव्हर येथील भट्टी गळतीमुळे बंद पडली, पुढच्या वर्षी हॉलंडमधील पेटनची भट्टीही काही महिने बंद राहिली, आणि श्रीमंत देशांतील रुग्णालयांनाही तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. आपली सायरस भट्टी 2010 च्या अखेरीस कायमची बंद झाली. 1985 ची ध्रुव आणि 2018 ची नवी अप्सरा-यू यांवर भार आहे. 2020 च्या मे महिन्यात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी वैद्यकीय समस्थानिकांसाठी संशोधन-भट्टी खासगी भागीदारीतून उभारण्याची घोषणा केली. सहा दशके जनतेने पोसलेल्या ज्ञानाला फळ धरण्याची वेळ आली की भागीदार आठवतो, हा अनुभव नवा नाही. त्या भागीदारीच्या अटी काय, जनित्राची किंमत कोण ठरवणार आणि तुटवडा पडला तर आधी कोणाला मिळणार, हे प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींनी विचारायचे आहेत.

येथे एक खुलासा करतो, कारण पत्रे येतील हे मला ठाऊक आहे. जैतापूरच्या प्रकल्पाला आपला विरोध होता, माझाही होता आणि आहे. वीज निर्माण करण्याची अवाढव्य भट्टी आणि औषधासाठी समस्थानिक बनवणारी लहान संशोधन-भट्टी यांत फरक करता आला पाहिजे. दुसरीचाही कचरा असतो, तिच्यावरही नियंत्रण हवे आणि तिचेही हिशेब उघडे हवेत. परंतु अणूचे नाव आले की सगळेच नाकारायचे, ही विवेकाची रीत नव्हे.

राहता राहिले आपण काय मागायचे ते. नांदगावच्या ग्रामीण रुग्णालयात हे सारे असावे अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. पाच जिल्ह्यांच्या अमरावती विभागासाठी एका सार्वजनिक रुग्णालयात अणुवैद्यकाची व्यवस्था असावी, ही मागणी मात्र वाजवी आहे. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कर्करोगाच्या उपचारांसाठी त्रिस्तरीय धोरण मंजूर केले आहे. त्या धोरणात अमरावती विभागाच्या वाट्याला नेमके काय येणार, हे आताच विचारायला हवे. इमारतीचे नकाशे झाल्यावर किरणोत्सारी द्रव्य हाताळण्याची खोली आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी यांची आठवण झाली, तर आणखी पाच वर्षे गेली. मागणीचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी विकृतिशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षित शल्यचिकित्सक, काखेतील मर्यादित शस्त्रक्रियेसह. मग आठवड्याचे जनित्र, साधी शोधकांडी आणि अणुवैद्यकाचा डॉक्टर. त्रिमितीय चित्राचे यंत्र त्यानंतर, मानेच्या रोग्यांची संख्या पाहून. आणि याबरोबरच, योजनेच्या पॅकेजात हाताच्या सुजेवरचे उपचार, दाबपट्टे आणि व्यायामोपचार यांचा समावेश. कारण ज्यांचे हात आधीच गेले आहेत त्यांना नव्या यंत्राचा काही उपयोग नाही.

तोवर आमचे लोक बडनेऱ्याहून गाडीत बसून दादरला उतरत राहणार. तेथे गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करुग्णांना आसरा मिळतो. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावच्या त्या माणसाच्या नावाने आपल्याच जिल्ह्यातील रोग्याला परमुलखात अंथरूण मिळावे, हे मनाला बरे वाटते आणि लाजही आणते. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्याच्या जमिनीतून गेला. शिवणीजवळून त्यावर चढता येते. माणूस दूर नेण्याची सोय झाली आहे. एक शिशाची पेटी आठवड्यातून एकदा जवळ आणण्याची व्हायची आहे.

तालुका शाखांनी एक काम करावे. गेल्या पाच वर्षांत आपापल्या गावांत स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांना, त्यांची संमती घेऊन, तीन गोष्टी विचाराव्यात: शस्त्रक्रिया कोठे झाली, किती गाठी काढल्या व त्यांपैकी किती रोगट निघाल्या, आणि आज हात किंवा खांदा कामाचा आहे का. नावे लिहू नयेत. गाव, वय आणि काम एवढेच पुरे. फाईलमधील अहवाल वाचता येत नसेल तर मला दाखवावा, मी एका डॉक्टर मित्राकडून समजावून घेईन. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी निदान पंचवीस गावांची माहिती हाती आली, तर निवेदनाचा मसुदा मी करून देतो.